चार किलो नऊशे

या घरात कुठलाही आकडा आला की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, ही तीन पिढ्यांची सवय होती. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यांचं घर, दुसरं काय होणार? घड्याळात चार वाजले म्हणून कुणी उठत नसे. दुसरं घड्याळ बघून उठे. थर्मामीटरने ताप दाखवला तर थर्मामीटर धुऊन परत लावला जाई, आणि तेवढ्यात ताप उतरला तर तो कधी आलाच नव्हता असं धरलं जाई. त्यामुळे मंगळवारी सुनेच्या रिपोर्टात साखर वाढलेली निघाली तेव्हा तिने तो आकडा घाबरून वाचला, तिच्या नवऱ्याने दोनदा वाचला, आणि सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, "यांचं मशीन शेवटचं कुणी तपासलं?"

रविवारपर्यंत बातमी सगळ्या नातेवाइकांत झाली. थोरल्याने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, ती फक्त आत्याला सांगितली होती. पण आत्याला सांगितल्यावर आणखी कुणाला सांगायचं शिल्लक राहत नाही. वाटणीच्या भांडणानंतर आठ महिने जिने या घराची पायरी चढली नव्हती ती आत्या, एका हातात केकचा खोका आणि दुसऱ्या हातात मधाची बरणी घेऊन, बरोबर जेवणाच्या वेळेला दारात उभी राहिली.

"भांडण भांडणाच्या जागी," ती चपला काढता काढता म्हणाली. "पण पोटुशी पोरीला उपाशी ठेवताय असं कळलं. मग मला राहवेना."

सून उपाशी नव्हती. तिच्या ताटात अर्धं ताट भाजी, दोन अंडी आणि मूठभर भात होता. सव्विसावा आठवडा चालू होता. दिवसभर ग्रंथालयाच्या खुर्चीत बसून नोंदी करणारी ही बाई गुरुवारपासून प्रत्येक जेवणानंतर रस्त्यावर पंधरा मिनिटं चालून येत होती, आणि पहिल्या घासानंतर बरोबर एक तासाने बोट टोचून आकडा वहीत लिहीत होती. डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले होते. तेवढ्यात खाण्याने आणि चालण्याने आकडे खाली आले तर ठीक, नाहीतर इन्सुलिन. इंजेक्शनला ती भीत नव्हती. पोटातलं बाळ आपल्या रक्तातली जास्तीची साखर खाऊन वाढत राहील आणि जन्माच्या वेळी अडेल, याला ती भीत होती. आणि घरातल्या कुणालाच ही भीती दिसत नव्हती, याचा तिला राग येत होता.

"अजून भात घे," सासूबाई म्हणाल्या.

"पुरे, आई."

"चिमूटभर तर वाढलाय."

"मूठभर वाढलाय. तेवढाच सांगितलाय."

"कुणी सांगितलाय?" आत्याने विचारलं.

"दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी."

"त्या बाईंना मुलं किती?"

"मला नाही माहीत, आत्या."

"बघा!" आत्या सगळ्यांकडे वळून म्हणाली. आपण नेमकं काय सिद्ध केलं हे तिने सांगितलं नाही, पण काहीतरी सिद्ध झालंय असं वातावरण तयार झालं. "दोन जिवांची बाई आणि एका जिवाचंही जेवत नाही. केक नको तर नको. मध घे. मध साखरेत धरत नाहीत."

"कोण धरत नाही?" धाकट्या दिराने विचारलं.

"मधमाश्या," थोरला म्हणाला आणि बायकोने बघताच ताटात बघू लागला. या प्रकरणात तो कुणाच्या बाजूचा आहे हे अजून त्यालाच कळलं नव्हतं. मंगळवारी तो रिपोर्टाच्या बाजूचा होता, बुधवारी बापाच्या, गुरुवारी बायकोच्या. आणि आज तो केकच्या बाजूने झुकत चालला होता.

"मला एक सांग," सासरे म्हणाले. ते ताटावर बसून कुणावर ओरडत नसत, पण चौकशी करत. "पहिल्या खेपेला कुठे काय झालं होतं? तेव्हा नव्हती ती साखर?"

"तेव्हा तपासलीच नव्हती, बाबा."

हे खरं होतं. पहिल्या खेपेला दवाखान्यात ते गोड पाणी प्यायला दिलं आणि सुनेला दहाव्या मिनिटाला उलटी झाली. "राहू दे ती परीक्षा, पोरीचे हाल करताय," असं सासूबाईंनी तिथेच फर्मान काढलं आणि तिला घरी आणलं होतं. पुढे मुलगी झाली, चार किलो तीनशे. तिला खाली कारखान्यातल्या मोठ्या पारड्यात दुपट्यावर ठेवून तोललं होतं, आणि तो आकडा भिंतीवर लिहिला होता.

कारखान्याच्या त्या भिंतीबद्दल इतरांना नवल वाटे, घरच्यांना अजिबात नाही. आजेसासऱ्यांनी दुकान घातलं तेव्हापासून घरात जन्मलेलं प्रत्येक मूल तिथे तोललं गेलं होतं आणि त्याचं वजन तेलरंगाने लिहिलं गेलं होतं. नाव नाही, तारीख नाही. वजन, आणि कुणाचं कितवं. तीन किलोचं मूल झालं की घर जरा खालच्या आवाजात बोले. साडेतीनला पेढे वाटल्यासारखा चेहरा होई. चारच्या वर गेलं की आल्यागेल्याला खाली नेऊन भिंत दाखवत. सून चार-तीनशेच्या जोरावर एका रात्रीत या घराची लाडकी झाली होती. म्हणूनच या वेळी डॉक्टरांनी पहिल्या बाळाचं वजन विचारलं तेव्हा तिने मान ताठ करून सांगितलं, आणि डॉक्टरांचा पेन थांबला.

"हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या होत्या.

"आमच्याकडे ती अभिमानाने सांगायची गोष्ट आहे."

"मग तुम्हाला धोका आधीपासूनच होता. तपासणी लवकर केली असती." आणि मग त्यांनी शांतपणे समजावलं होतं, की वारेतून जे रस निघतात ते आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन करून निभावून नेतं, काहींचं नाही. यात तुम्ही काही चूक केलेली नाही. पण आता कळल्यावर काही केलं नाही तर ती चूक होईल.

सुनेने ताट उचललं. "मी पंधरा मिनिटं चालून येते."

"बस खाली!" आत्या म्हणाली. "एवढ्या लांबून मी आले ती कुणासाठी? जेवल्या जेवल्या पोटुशी बाई उन्हात फिरते, लोक काय म्हणतील? यांच्याकडे बसायला खुर्ची नाही म्हणतील."

"आत्या, डॉक्टरांनी..."

"मोठी माणसं घरात आहेत ना," सासूबाईही म्हणाल्या. आत्याशी त्यांचं एरवी एका वाक्यावर पटत नसे. वाटणीच्या वेळी तर दोघी एकमेकींशी फक्त भिंतीकडे बघून बोलत होत्या. पण सुनेला बसवायचं म्हटल्यावर दोघी एका झटक्यात एक झाल्या. "चहा होईपर्यंत बस. मग जा."

सून बसली. चहा झाला, दुसरा झाला, आत्याच्या गुडघ्यांची हकीकत झाली. आणि तिच्या फोनची घंटा वाजली. तास भरला होता. तिने तिथेच बोट टोचलं, पट्टीला रक्त लावलं आणि आकडा बघून ओठ चावला.

"किती?" थोरल्याने विचारलं.

"एकशे बावन्न. एकशे चाळीसच्या आत हवं."

"आणि काल?"

"काल एकशे अठ्ठावीस होतं."

सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. इतका वेळ ते जे शोधत होते ते त्यांना सापडलं होतं.

"काल काय जेवली होतीस?"

"हेच. एवढंच."

"म्हणजे माल तोच, आणि काटा काल एकशे अठ्ठावीस दाखवतो, आज एकशे बावन्न! हलतोय तो काटा. आण इकडे."

"बाबा, काल मी चालून आले होते. आज तुम्ही सगळ्यांनी बसवून ठेवलंत!"

पण ते यंत्र हातात घेऊन जिन्याने खाली निघालेही होते. आयुष्यभर ते नादुरुस्त काट्याचा वास लागला की असेच निघत. त्यांच्यामागे थोरला, त्याच्यामागे पट्ट्यांची डबी सांभाळत सून, मग यंत्राची पिशवी घेतलेला धाकटा, सासूबाई, आणि गुडघ्यांची हकीकत विसरून आत्या. नात तेवढी वर झोपली होती.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची लांब खोली. एका बाजूला लोखंडी चौथऱ्यांचे मोठे काटे, दुसऱ्या बाजूला पोट उघडलेले इलेक्ट्रॉनिक काटे, मध्ये सासऱ्यांचं जुनं टेबल आणि त्यावर कुलपाच्या पेटीत मखमलीवर ठेवलेली पितळी प्रमाण वजनं. त्या वजनांना ते हाताने शिवत नसत, चिमट्याने उचलत. त्यांनी दिवा लावला, यंत्र टेबलावर ठेवलं आणि बाह्या सरसावल्या.

"एकच वजन दोनदा ठेवायचं," ते म्हणाले. "दोन्हीदा तेच आलं पाहिजे. सूनबाई, बोट."

"पुन्हा?"

"तेच बोट."

एकशे एकोणपन्नास आलं.

"तीनचा पासंग!" ते विजयाने म्हणाले. "सोनाराने असा काटा वापरला तर त्याला बाजारातून उठवतील."

"बाबा, एवढा फरक यात चालतो," धाकटा म्हणाला. इलेक्ट्रॉनिक काट्यांचं सगळं काम त्याच्याकडे होतं. "याचं मापच तसं असतं."

"चालतो म्हणणारा कारागीर कुठल्या कामाचा? आता ज्याच्यात साखर असणारच त्याचं बघू." त्यांची नजर थोरल्यावर गेली. थोरला पंच्याण्णव किलोचा होता आणि त्याच्या मिशीला केकचा कण होता.

"मी कशाला?"

"सुई नवी घाला," सून घाईने म्हणाली. "प्रत्येकाला नवी सुई!"

थोरल्याने डोळे मिटले. यंत्राने विचार केला आणि एकशे नऊ दाखवलं. हा निकाल कुणालाच आवडला नाही. आत्याने "काय सांगतोस!" म्हणून यंत्राकडे असं पाहिलं, जणू ते खोटं बोलताना पकडलं गेलंय. सासऱ्यांनी मग स्वतःचं बोट पुढे केलं. "मी ठणठणीत माणूस. माझं बरोबर यायला पाहिजे." एकशे अठरा. ते सुनेकडे वळले. "हे बरोबर का?"

"अगदी बरोबर."

"म्हणजे मशीन..."

"बरोबर," थोरला म्हणाला.

"कधीकधी बरोबर," सासऱ्यांनी दुरुस्त केलं. "तेच तर वाईट. कायम चुकणारा काटा परवडला."

"वन्संचं बघू द्या," सासूबाई म्हणाल्या.

नणंदेशी झालेली युती जिन्यावरच मोडली असावी. आत्याने दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी फक्त बघायला आलेय. मला काही झालेलं नाही आणि मला कळूनही घ्यायचं नाही."

"थांबा!" सून ओरडली.

ती आवाज चढवणारी बाई नव्हती. ग्रंथालयात आठ वर्षं कुजबुजून तिचा आवाजच बारीक झाला होता. म्हणून ती ओरडली तेव्हा सगळे खरोखर थांबले.

"या पट्ट्या माझ्या आहेत. नवी डबी बुधवारी येणार आहे. तोवर मला दहा लागतील आणि तुमच्या या खेळात उरल्यात नऊ. मला मजा म्हणून बोट टोचायची हौस नाही, बाबा. बाळ माझ्या साखरेवर वाढतंय. माझा आकडा वाढला की त्याला जास्त मिळतं, आणि तुम्ही सगळे मिळून मला अजून वाढून घे म्हणताय. मी चालायला निघाले तर बसवता. यंत्र खोटं, डॉक्टर खोट्या, त्या बाईंना मुलं किती! एकजण तरी या घरात माझ्या बाजूने आहे का?"

ती रडायला लागली आणि रडू आल्याचा राग येऊन आणखी रडली. थोरला पुढे झाला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रथमच कुठल्या तरी बाजूला गेला. "मी आहे," तो म्हणाला. "आजपासून." मिशीवरचा कण त्याने गुपचूप पुसला.

धाकटा इतका वेळ यंत्राची पिशवी चाचपत होता. कुठलंही यंत्र आलं की त्याच्यासोबतचं सगळं आधी टेबलावर मांडायचं, ही त्याची पद्धत. वॉरंटीचा कागद निघाला, दवाखान्याची घडीपत्रिका निघाली, आणि तळाशी बोटाएवढी एक बाटली निघाली. त्याने लेबल दिव्याखाली धरलं.

"बाबा, हे बघा. यात साखरेचं पाणी आहे, मोजून केलेलं. याचा थेंब पट्टीवर टाकला तर आकडा एकशे दोन ते एकशे अडतीसच्या मध्ये आला पाहिजे. यंत्र तपासण्यासाठीच देतात."

सासऱ्यांनी ती बाटली घेतली, चष्मा खाली ओढला, मुदतीची तारीख वाचली, लेबल पुन्हा वाचलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की सुनेचं रडणं थांबलं.

"अरे, ही तर प्रमाण वजनं आहेत यांची!" ते म्हणाले. "आधी नाही का सांगायचं? मी आपला माणसांवर तोलत बसलो! माणूस कधी प्रमाण असतो का?" ते सुनेकडे वळले, अगदी नम्रपणे. "सूनबाई, एक पट्टी देतेस? एकच. उगाच नाही मागत."

तिने दिली. थेंब पडला. आकडे मोजत मोजत यंत्र शून्यावर आलं.

एकशे एकवीस.

चाळीस वर्षांत सासऱ्यांनी एक नियम कधी मोडला नव्हता. काटा तपासायच्या आधी वाटेल तितकं भांडा. पण एकदा 'बरोबर आहे' म्हटलं की मग तो जे दाखवेल ते मान्य. गिऱ्हाइकाचं नुकसान होवो की स्वतःचं. ते खुर्चीत बसले.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "वजन मान्य. सूनबाई, मी तुला आज चालू दिलं नाही, ते चुकलं माझं."

"अरे पण!" आत्याला अजून हार मान्य नव्हती. बाटलीपुढे इलाज चालेना म्हणून ती भिंतीकडे वळली. "हे काय मग? ही सगळी पोरं काय आजारपणातून झाली? आपल्याकडे मुलं धष्टपुष्टच होतात. हा बघा पहिला नंबर, चार किलो नऊशे! पंचवीस गावांत असं मूल झालं नाही. झालंय का सांगा!"

पहिला नंबर म्हणजे धाकटा. चार किलो नऊशे, सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात. "आयुष्यात तेवढाच एक पहिला नंबर आला आपला," हा विनोद त्याने लहानपणापासून इतक्या वेळा केला होता, की आता सगळे तो त्याच्यासाठी राखून ठेवत. आजही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो दवाखान्याची घडीपत्रिका वाचत होता.

त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. सदरा घालताना तो डावी बाही आधी घालायचा, उंच फळीवरचं सामान उजव्या हाताने काढायचा, आणि डाव्याने फक्त तार धरायचा. याबद्दल घरात एक वाक्य होतं, 'त्याचा हात जन्मतःच तसा आहे', आणि चौतीस वर्षं त्याने त्या वाक्याला कधी प्रश्न विचारला नव्हता. कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना विचारले, या एका वाक्याला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "इथे लिहिलंय, आईची साखर वाढलेली असेल तर बाळ फार मोठं होऊ शकतं. जन्माच्या वेळी त्याचा खांदा अडकू शकतो. आणि कधीकधी, ओढताना, हाताच्या..." तो पुढे वाचू शकला नाही असं नाही. त्याने मनात वाचलं. मग पत्रिका नीट घडी करून टेबलावर ठेवली.

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्या गेले सहा महिने दोन-दोन बाटल्या पाणी पीत होत्या आणि त्याचा दोष उन्हाला देत होत्या. रात्री चार-चारदा उठत होत्या आणि त्याचा दोष पाण्याला देत होत्या. पण आत्ता त्या स्वतःचा विचार करत नव्हत्या.

"जन्मतः नव्हता तो तसा," त्या म्हणाल्या. "जन्मताना झाला."

"आई?"

"डोकं आलं आणि खांदा येईना. दोघी बायका आणि एक डॉक्टर ओढत होते. कुणीतरी म्हणालं, आईला वाचवा. मला एवढंच ऐकू आलं. मी शुद्धीवर आले तेव्हा तुझ्या आजोबांनी तुला तोलूनही आणलं होतं. सगळं घर खाटेभोवती. चार किलो नऊशे, चार किलो नऊशे! मी विचारलं, याचा हात असा का लोंबतोय? तर म्हणाले, ते होईल बरं, तू आकडा ऐकलास का? मग काय करणार? सगळे हसत होते. मीही हसले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि हसले ते हसतच राहिले. लोकांना खाली आणून आणून दाखवत राहिले. माझ्या लेकाचा हात गेला आणि मी पहिला नंबर सांगत फिरले."

आत्याने पदराखालून हात काढला आणि भावजयीच्या पाठीवर ठेवला. आठ महिन्यांत प्रथमच. धाकटा आईसमोर येऊन उकिडवा बसला.

"आई, उजवा आहे ना," तो म्हणाला. "आणि तुला कुठे माहीत होतं?"

"मला नव्हतं माहीत. हिला माहीत आहे." त्यांनी सुनेकडे बोट केलं. ते बोट तसंच पुढे ठेवलं. "घे. एक पट्टी जाईल तुझी. पण माझंही बघ."

सुनेने नवी सुई घातली. सासूबाईंनी मान वळवली नाही; यंत्राकडे बघत राहिल्या.

दोनशे अठ्ठावन्न.

"परत बघ," सासरे चटकन उठून म्हणाले. "केक खाल्लाय तिने. बोटाला केक असेल. परत..." मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते पुन्हा बसले. "नको. काटा बरोबर आहे."

"उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, आई," सून म्हणाली. तिचा बारीक आवाज परत आला होता, पण आता सगळे तो ऐकत होते. "मी येते बरोबर. डॉक्टर म्हणाल्या होत्या, एकदा गरोदरपणात साखर वाढली की पुढे आयुष्यभर अधूनमधून बघत राहायचं असतं. मलाही बघावं लागेल, बाळ झाल्यावर दोन महिन्यांनी, मग दर वर्षी. दोघी मिळून जाऊ."

"आणि उरलेल्या पट्ट्या?" थोरल्याने विचारलं.

"सात आहेत. कुणी हात लावायचा नाही."

"मग माझं कधी बघणार?" आत्या एकदम म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिल्यावर ती गोरीमोरी झाली. "विचारलं आपलं. बुधवारी नवी डबी येणार म्हणालीस ना? मी बुधवारी येईन. बिनकेकची येईन."

साडेतीनला सासूबाईंनी चपला घातल्या. सून आधीच दारात होती. गल्लीत रविवारची सुस्ती होती. सायकलवाल्याचं दुकान अर्धं बंद, इस्त्रीवाला टेबलावरच झोपलेला, कुणाच्या तरी खिडकीतून रेडिओ. सासूबाईंच्या चपला घरात घालायच्या होत्या आणि प्रत्येक पावलाला पट पट वाजत होत्या. कोपऱ्यापर्यंत त्यांना दम लागला. कोपऱ्यावर त्यांनी दिव्याच्या खांबाला धरलं.

"पहिल्या खेपेला ती परीक्षा मी बंद पाडली."

"मला उलटी झाली होती, आई."

"उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत जायचं असतं. मी जाऊ दिलं नाही. मला भरघोस नातवंड हवं होतं. तुझं नशीब म्हणून ती पोर सुटसुटीत बाहेर आली." त्यांनी श्वास घेतला. "मला माफ कर असं म्हणायला मला येत नाही. सवय नाही. पण तसंच समज."

"समजले," सून म्हणाली, आणि तिने त्यांचा हात धरला. दोघी पुढे निघाल्या. फोनवर नऊ मिनिटं झाली होती.

"किती व्हायला हवं बाळ?" थोड्या वेळाने सासूबाईंनी विचारलं.

"तीन, सव्वातीन. साडेतीनलाही चालेल. पण ते सगळं आपल्या हातात नसतं. एवढं करूनही इन्सुलिन घ्यावं लागेल कदाचित. एवढं करूनही वजन जास्त भरू शकतं."

"भरलं तर भरलं."

"मग बाबा भिंतीवर लिहितील."

"लिहू देत नाही. कुणी काट्याजवळ न्यायला आलं तर मी दारात आडवी होईन," सासूबाई म्हणाल्या आणि पावलं जरा उचलली. "किती का असेना. मी आधी त्याचे दोन्ही हात वर करून बघेन."